परक्यासमोर सांगायचा नाही असा शब्द

घरात नवी सुरक्षा यंत्रणा बसवून झाली होती आणि ती बाईंना शिकवायचं काम प्रशिक्षकाच्या गळ्यात पडलं होतं. आधीच्या दोन गिऱ्हाइकांनी "काही कळलं नाही" अशी तक्रार केली होती. तिसरी आली तर नोकरीवर पाणी सोड, असं साहेबांनी बजावलं होतं. त्यामुळे बिचारा घसा कोरडा पडेपर्यंत समजावत होता. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. एकेक नियम त्याच्याकडून दोनदा वदवून घेत होत्या.

"भोंगा वाजला की कंपनीतून फोन येतो," तो म्हणाला. "गुप्त शब्द सांगितला की ते भोंगा बंद करतात. नाही सांगितला तर रक्षक धावत येतात. आणि परक्या माणसासमोर तो शब्द अजिबात उच्चारायचा नाही."

"परका म्हणजे कोण?"

"घरातला नसलेला प्रत्येक जण. अगदी मीसुद्धा."

बाईंनी मान डोलावली. प्रशिक्षकाला हायसं वाटलं. त्या भरात यंत्रणा चालू आहे हे विसरून त्याने गॅलरीचं दार उघडलं आणि भोंग्याने घर डोक्यावर घेतलं. लगेच फोन वाजला.

"शब्द सांगा, बाई," प्रशिक्षक म्हणाला.

"तू इथे असताना?"

"मी कान बंद करतो."

"कान बंद केलेल्या पोरांना सगळं ऐकू येतं. आयुष्य गेलंय माझं वर्गात."

"मग मी बाहेर जातो."

"भोंगा वाजत असताना दार उघडायचं नाही, तूच म्हणालास ना मघाशी?" बाई दार अडवून उभ्या राहिल्या आणि फोनमध्ये शांतपणे म्हणाल्या, "शब्द पाठ आहे, पण सांगता येत नाही. घरात एक परका माणूस आहे. नाही, गेला नाही. मीच जाऊ देत नाहीये."

कंपनीकडच्या किल्लीने रक्षक आत शिरले ते थेट त्याच्या अंगावर. एकाने हात पिरगाळून त्याला सोफ्यावर पालथा घातला.

"अहो, मी आपल्याच कंपनीचा आहे. ओळखपत्र बघा."

रक्षकांनी बाईंकडे पाहिलं.

"ओळखपत्र खोटंही असू शकतं," बाई म्हणाल्या. "यानेच शिकवलं. छान शिकवतो."

शेवटी साहेबांना यावं लागलं. सोफ्यात नाक खुपसलेल्या प्रशिक्षकाने त्यांचे बूट ओळखले आणि नोकरी गेली असं समजून डोळे मिटून घेतले. बाईंनी साहेबांना सगळे नियम न अडखळता म्हणून दाखवले. मग दार आता उघडलेलंच आहे म्हणून साहेबांसकट सगळ्या परक्यांना जिन्यात काढून त्यांनी फोनवर शब्द सांगितला आणि भोंगा गप्प झाला.

जिन्यात साहेबांनी त्याच्या दुखऱ्या खांद्यावर थाप मारली. "इतकं पक्कं शिकवणारा माणूस मी पाहिला नाही. तुझी नोकरी कायम." त्याला खरंच भरून आलं.

"बाईंची एकच अट आहे," साहेब पुढे म्हणाले. "शिकलेलं विसरायला नको म्हणून दर सोमवारी सराव पाहिजे. परका म्हणून त्यांना तूच हवा आहेस."

हात पिरगाळणारा रक्षक मायेने जवळ आला.

"पुढच्या सोमवारी डावा घेऊ," तो म्हणाला. "उजव्याने तुम्हाला जेवायचं असतं."