मऊ शेपूटचा खोकला

एका जंगलात, बाळांनो, एकदा खोकल्याची साथ आली. साधासुधा खोकला नव्हे, खोकता खोकता पिल्लं फांदीवरून खाली पडायची.

झिपरी खारीचं पिल्लू दोन दिवस खोकत होतं. त्याचं नाव मऊ शेपूट. आत्याने बारशाला हौसेने ठेवलेलं. झिपरीच्या घशाखाली दाणा उतरेना.

राजाने मधातलं औषध पाठवलं. तीन दिवस घ्यायचं. वाटायला कारकून कासवतात्या. तात्यांनी सगळ्या पिल्लांची नावं केळीच्या एका लांब पानावर ओळीने लिहिली. मग नियम काढला. मोकळी जागा दिसली की पान कापायचं. एक तुकडा एका द्रोणात. दर द्रोणाला एक चमचा औषध.

पान कापलं. एका द्रोणात ‘मऊ’ पडलं, दुसऱ्यात ‘शेपूट’.

"अहो तात्या, हे एकच लेकरू आहे माझं!"

"मधे मोकळी जागा होती की नव्हती?"

"होती."

"मग दोन. यातलं मऊ कुठलं?"

तात्यांनी पिल्लाला दाबून दाबून पाहिलं. पोट मऊ निघालं. एक चमचा पोटाला चोळला, एक शेपटाला.

"खोकला तोंडातून येतोय, तात्या! तोंडात घाला ना!"

"तोंडाचं नाव यादीत नाही, बाई. चला, पुढे व्हा."

झिपरीला रडूच फुटलं. पण आईच ती. आडोशाला जाऊन पिल्लाच्या कानात म्हणाली, "बाळा, आधी शेपूट चाट. मग पोट."

पिल्लाने चाटूनपुसून साफ केलं. एकाच्या जागी दोन चमचे! संध्याकाळपर्यंत खोकला निम्मा.

अशी गोष्ट आयांच्यात लपते होय? दुसऱ्या दिवशी हत्तिणीचा गज्जू झाला ‘गज्जू सोंड कान पोट’. माकडिणीने तर सहा तुकड्यांचं नाव आणलं. तात्यांनी मान वर न करता कापलं. द्रोणच द्रोण!

रांगेत शेवटी तात्यांचा नातू उभा होता. नाव नुसतं ढाल्या. त्याची पाळी आली, तेव्हा औषधाचं मडकं कोरडं.

"आजोबा, माझा खोकला..."

तात्यांनी मान पाठीच्या आत ओढून घेतली. आतूनच म्हणाले, "नियम बरोबर आहे. नावच आखूड ठेवलंय."

झिपरी हळूच जवळ आली.

"तात्या, आज आमचं पोट चाटून झालंय. शेपूट अजून शिल्लक आहे. पाठवू का ढाल्याकडे?"

तात्पर्य: कापणाऱ्याला अक्कल येईल म्हणून थांबू नये. पोराच्या नावात भरपूर मोकळी जागा ठेवावी, आणि त्याचं शेपूट घाईने धुऊ नये.