खुनी कोण ते कुवेतला ठाऊक

आमच्या गल्लीनं वीस-बावीस इंग्रजी खूनपट पाहिले, पण एकाही खुन्याला पकडताना पाहिलं नाही. इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करायचा, शेकोटीकडे पाठ करून उभा राहायचा, बोट उचलायचा, आणि खस्सकन पडद्यावर मुंग्या! कॅसेट संपली. कोणी हळहळायचं नाही. सगळ्यांच्या माना मागे वळायच्या, कारण मागे पलंगावर पाय वर घेऊन नफीसाचाची बसलेली असे.

भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीत तेव्हा व्हीडिओ एकच, चाचीचा. तिचे यजमान कासमचाचा कुवेतला एका कंपनीच्या भटारखान्यात होते. दोन वर्षांनी एकदा यायचे. तिथल्या टीव्हीवर म्हणे दर आठवड्याला जुने इंग्रजी सिनेमे लागत. धुकं, गॅसचे दिवे, घोडागाड्या, उंच टोप्या, राणीच्या काळातला अवाढव्य बंगला आणि पहिल्या पंधरा मिनिटांत जिन्याखाली एक प्रेत. चाचा ते कॅसेटवर घेत आणि खुन्याचं नाव यायच्या आधी मुद्दाम मशीन बंद करत. रजेवर येणाऱ्या कोणाबरोबर कॅसेट यायची. चाचीनं खुनी ओळखून पत्रानं कळवायचा, मग चाचा खरं काय ते लिहिणार. खेळ नवराबायकोचा, पण त्यात अख्खी गल्ली अडकली होती.

कॅसेट आली की रविवारी दुपारी तीनला चाचीच्या खिडक्या लागायच्या, वर गोधड्या टांगल्या जायच्या. आत वीसेक माणसं घामानं निथळत लंडनच्या थंडीत कुडकुडत बसायची. इंग्रजी समजणारी त्यात मी एकटीच. मुलींच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आपलं डोकं बरं चालतं अशी माझी समजूत होती. ती चाचीनं पार धुळीला मिळवली.

"अगो मास्तरीण, तू त्यांचं बोलणं काय ऐकतेस?" ती म्हणायची. "बोलायला काय, सगळेच गोड बोलतात. हात बघ. खोटं बोलणारा पाण्याचा पेला दोनदा उचलतो नि पीत नाय."

मी बघायची. खरंच तो पीत नसे!

एकदा एका लॉर्डच्या पाठीत सुरा होता. आम्ही सगळे त्या कपटी पुतण्यावर टपलेले. चाची शांतपणे सुपारी कातरत म्हणाली, "ह्या मेल्यानं उभ्या जन्मात सुरी धरलेली नाय. अशी धरली तर बांगडासुद्धा चिरायचा नाय. ह्याला सोडा." सोडला. दीड महिन्यानं कुवेतहून पत्र आलं, तेव्हा पुतण्या निर्दोष ठरला होता.

बरं, ही हुशारी पडद्यापुरती नव्हे. एका मे महिन्यात आमच्या शेजारच्या सावंतांच्या गच्चीवरची आंबापोळी रोज थोडी थोडी नाहीशी व्हायला लागली. सावंतकाकू कामवालीवर घसरल्या. ती बिचारी रडकुंडीला आली. चाची गुडघे धरत गच्चीवर चढली, ताटात वाकून पाहिलं आणि म्हणाली, "चोर ओरबाडून नेतो. ह्यानं सुरीनं सरळ कापलीय, वर जाळी परत झाकलीय. चोराला माशा बसतील ह्याची काळजी हाय म्हणजे घरचाच." मग खाली येऊन ओटीवर बसलेल्या सावंतकाकूंच्या सासऱ्यांसमोर उभी राहिली. त्यांना मधुमेह, गोड बंद.

"आजोबा, जरा हसा बघू."

आजोबा काही केल्या हसेनात, दातांत अडकलेली आंबापोळी दिसली असती ना! संपला खटला. मला तर त्या बाईच्या पायाच पडावंसं वाटलं.

आता गंमत ऐका. चाचीला अरबी वाचता येई, मराठी नाही. चाचांची पत्रं मराठीत. म्हणून तिचं पत्र लिहायचं आणि आलेलं वाचायचं काम माझ्याकडे. रविवारी पलंगावरून एका घावात खरा खुनी सांगणारी ही बाई, सोमवारी पत्र सांगताना भलतंच नाव सांगायची!

"लिही, खुनी तो ट्रेवाला." ट्रेवाला म्हणजे बटलर.

"अगं चाची, काल तर तू डॉक्टर म्हणालीस! आम्हाला सगळ्यांना पटवून दिलंस!"

"ट्रेवाला लिही, बाय माझी."

दर वेळी हेच. आणि चाचांचं उत्तर यायचं, खुनी डॉक्टरच. वर सुनवायचे, "अगं येडे, ट्रेवाला तेव्हा तळघरात होता, दिसलं नाही तुला? तुझी नजर पहिल्यापासून अशीच. आपल्या लग्नात तू माझ्या भावाला नवरा समजून लाजली होतीस..." अशी चार-चार पानं! चाची डोळे मिटून ऐकायची. माझा मात्र जीव जळायचा. साऱ्या गल्लीत जिच्या अकलेचा डंका, तिला तिचाच नवरा येडी म्हणतो आणि ही ऐकून घेते! मला वाटलं, नवऱ्यापुढे हिची हिंमत होत नाही. बायकांनी आपलं डोकं लपवायचं, तीच जुनी खोड. मी शाळेत मुलींना याच्यावर भाषणं देणारी. गप्प कशी बसणार?

पुढच्या सिनेमात चाकाच्या खुर्चीत बसलेली एक आत्या होती. चाची म्हणाली, "चालता येत नाय म्हणते ना ही? मग बुटाचा तळ कसा झिजला, बसून?" आम्ही आ वासला. सोमवारी ती मला सांगते, "लिही, खुनी माळी." मी मान डोलावली आणि लिहिलं, 'खुनी आत्या. बुटाचा तळ पाहा.' पाकीट चिकटवलं, टाकलं पेटीत. केवढी खूश होते मी!

दीड महिन्यानं उत्तर आलं. पाकीट हातात घेतल्याबरोबर ते हलकं लागलं. चाची पदराला हात पुसत समोर येऊन बसली, डोळे मिटले.

मी वाचलं, "आत्याच. शाबास. मी खुशाल आहे. तब्येतीस जपा."

"पुढे?"

"एवढंच आहे गं."

तिनं डोळे उघडले. कागद माझ्या हातातून घेतला, उलटा करून पाहिला. मग पाकिटात बोट घालून पाहिलं. आणि माझ्याकडे वळली. खुनी ओळखायला तिला कधी वेळ लागला नव्हता, आताही लागला नाही.

"तू बरोबर लिहिलंस गो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काही तरी बोलायला गेले, तुझ्या मानासाठी, तुझ्या अकलेसाठी. तिनं हातानंच थांबवलं.

"सिनेमे यायच्या आधी त्यांचं पत्र दोन ओळींचं यायचं. मी खुशाल, तुम्ही खुशाल. मग पहिली कॅसेट आली, मी नाव चुकले, नि चार पानं आली. बरोबर सांगितलं की माणूस शाबास म्हणतो नि गप्प बसतो. चुकलं की भांडतो. अगो, एवढी वरसं मी एकटी ह्या घरात. माझ्याशी भांडायला दुसरं कोण हाय?"

मी त्या पलंगाकडे पाहत राहिले. रविवारी वीस माणसं असायची तिथे. आठवड्याचे बाकीचे दिवस ती एकटी असते हे मला, शेजारणीला, कधी सुचलंच नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं आणि स्वतःची चीडही आली.

पुढची कॅसेट पावसाळ्यानंतर आली. सोमवारी मी कागद-पेन घेऊन आपणहून गेले. खरा खुनी काल सगळ्यांना कळलाच होता, मेलेल्या सरदाराचा वकील.

"चाची, कुणाचं नाव लिहू?"

ती बराच वेळ विचार करत बसली. खुनी शोधायला कधी एवढा विचार केला नव्हता तिनं. मग गालात हसली.

"गाडीला जो पांढरा घोडा हाय ना, त्याचं लिही."

"घोडा? अगं, चाचा काय म्हणतील!"

"म्हणू दे की."

मी घोडा लिहिलं. वर माझ्या पदरचं घातलं, की घोड्याची नजर पहिल्यापासूनच वाईट वाटत होती.

त्या पत्राला सात पानं आली. चाचा असे काही संतापले होते की अक्षर ओळी सोडून धावत होतं. घोड्यावरून ते चाचीच्या माहेरच्या बैलांवर गेले, बैलांवरून सासऱ्यांवर, तिथून कुठल्याशा उरुसात दोघं चुकली होती त्यावर. चाची हसता हसता पदर तोंडाला लावून बसली होती. चौथं पान संपलं. मी पाचवं उलगडलं, तर तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"थांब गो," ती म्हणाली. "बाकीची उद्या वाच."