भिंतीवर बसणारे सिद्रामप्पा

आमच्या शेजारच्या सिद्रामप्पांच्या घरात चांगल्या सागवानी खुर्च्या आहेत. अप्पा मात्र भिंतीवर बसतात. म्हणजे पाठ भिंतीला टेकवायची, गुडघे वाकवायचे आणि बुडाखाली काहीही नसताना ऐटीत पेपर वाचायचा. मांड्या थरथरायला लागल्या की हातातला पेपरही थरथरतो, पण अग्रलेख संपल्याशिवाय अप्पा उठत नाहीत.

चादरींचं दुकान मुलाकडे सोपवल्यापासून हे सुरू झालं. मी एकदा जिमचा विषय काढला, तर म्हणाले, "वजन बाहेर कशाला हुडकायचं ओ? देवानं अंगावरच दिलंय की!" बोलताना त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. मला देवानं हात सैल सोडून दिलंय, असं त्यांना म्हणायचं असावं.

अप्पांना व्यायामाला वेळकाळ लागत नाही. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये बैठका, ओट्याला हात टेकवून जोर. एकदा आम्ही एका घरी दुखवट्याला गेलो. सगळे माना खाली घालून बसलेले आणि अप्पा दाराशी उभे राहून टाचा वर-खाली करताहेत. मला हसू फुटलं. त्यावरून माझी बायको आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

सगळ्यात कहर म्हणजे त्यांच्या माडीचा जिना. अरुंद, दगडी, उभा. अप्पा त्यावरून एका पायावर भार देत, थांबत थांबत उतरायचे. गल्लीतली पोरं खालून टाळ्या पिटायची आणि वरून गौराक्का, म्हणजे अप्पांची बायको, अर्ध्या कानडीत ओरडायच्या, "साकु! पुरे की ओ! पडलासा तर कोण उचलायचं?"

गौराक्का स्वतः दोन वर्षं खाली उतरल्या नव्हत्या. पाय मोडला, हाड जुळलं, पण जिना काही जमेना. चौघांनी खुर्चीत बसवून उतरवायचं, असं मुलानं ठरवलं, तर म्हणाल्या, "चौघांनी उचलायचं ते एकदाच. मला इतक्यात घाई न्हाय." मागच्या खिडकीतून दिसणारं शेवग्याचं झाड, एवढंच त्यांचं सोलापूर उरलं होतं. मला फार वाईट वाटायचं.

यंदा संक्रांत जवळ आली आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली. अप्पा तरुणपणी संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज धरायचे. ती उंचच उंच काठी कमरेच्या पट्ट्यात पेलत मिरवणुकीत चालायचं, हा आमच्याकडे मोठा मान. त्यासाठी माणसं आधीपासून सराव करतात. झालं! अप्पा सत्तरीत पुन्हा काठी धरणार, अशी सगळ्यांची खात्री पटली. समजूत घालायला मला पाठवलं.

अप्पा भिंतीवरच बसले होते. म्हटलं, "अप्पा, आता काठी झेपायची नाही."

"काठी कोण धरायलाय?"

"मग हे कशासाठी चाललंय?"

"बघा की त्या दिवशी," म्हणत त्यांनी पान उलटलं.

मिरवणुकीच्या दिवशी अप्पांना अडवायला आम्ही दोघं-तिघं जिन्याच्या तोंडाशी उभे राहिलो. अप्पा आले. अंगात जुनी पांढरी बाराबंदी आणि पाठीवर गौराक्का. नवं इरकली लुगडं, गळ्याभोवती दोन्ही हात, डोळे गच्च मिटलेले. एका पायावर भार, मग थांबायचं, मग पुढची पायरी. टाळ्या पिटणारी पोरंसुद्धा चिडीचूप झाली. अप्पा शेवटच्या पायरीवरून खाली आले तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

गल्लीच्या तोंडाशी आम्ही गौराक्कांना खुर्ची दिली. नंदीध्वज डुलत पुढे गेले. गौराक्कांनी हात जोडले आणि त्यांना रडू आवरेना. खरं सांगायचं तर मलाही आवरलं नाही.

मी आणखी एक खुर्ची आणली. "अप्पा, आता तरी बसा."

"बसून कसं चालंल? हिला परत वर न्यायचंय की."

गौराक्कांनी त्यांचा हात धरला. "कशाला घाई? दोन वर्षांनी आलेय खाली. बसा की जरा माझ्याजवळ."

आणि अप्पा खुर्चीवर बसले.