शेवटच्या गाण्याची चाल

बारामतीच्या ‘चिपाड’ या रॉक बँडचा दुसरा अल्बम आला आणि कन्हेरी गावात मिहिरचं जेवण सुटलं. पहिल्या अल्बमच्या सगळ्या चाली त्याच्या होत्या. इंदापुरात त्या अल्बमच्या कार्यक्रमाला अकरा माणसं आली, त्यातली चार मांडववाल्याची. "तुमी गाताच वाईट," असं बाकीच्यांना सुनावून तो गिटार घेऊन घरी आला होता. आपल्यावाचून यांचं दुकान चार दिवसांत बंद पडणार, याची त्याला खात्री होती.

पण ‘खोडवा’ नावाचा दुसरा अल्बम निघाला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. मिहिरने तो ऐकायचाच नाही अशी शपथ घेतली. खालचे अभिप्राय मात्र दिवसातून वीसदा वाचले. ‘शेवटच्या गाण्याची चाल काळजाला भिडते,’ हे वाचून तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. चाली लावणारा हा नवा कोण उपटला?

सकाळी तो थेट दूध डेअरीवर गेला. किटल्या घेऊन रांगेत उभं असलेलं निम्मं गाव तिथे मोबाइलमध्येच असतं. मिहिरने एकेकाचा फोन घेतला, ते गाणं काढलं, आवाज बंद केला आणि नापसंतीचा उलटा अंगठा दाबला. असे सदतीस फोन झाले. मग कुंडलिकतात्यांची पाळी आली.

"आरं, ऐकू तरी दे की."

"नगा ऐकू तात्या. चाल लई भिकार हाय."

"तू ऐकलीस?"

"ऐकायला कशाला पायजे? असली चाल लावनाऱ्याला म्हशी राखायला धाडलं पायजे!"

"बरं बाबा," म्हणत तात्यांनी फोन दिला. एवढं शिकलेलं पोरगं खोटं कशाला बोलेल?

संध्याकाळी बँडचा गायक अद्वय पेढे घेऊन दारात उभा.

"सहा म्हैने फोन करतोय, उचलत का न्हाईस? शेवटचं गानं कसं वाटलं?"

"न्हाय ऐकलं."

अद्वयने ते लावलं. चार सूर वाजले आणि मिहिरचा पेढा हातातच राहिला. दोन वर्षांपूर्वी तालमीत "जमत न्हाय" म्हणून त्यानेच टाकून दिलेली चाल होती ती.

"चालीला नाव बी तुझंच दिलंय. तोडलेल्या उसागत तुझ्याच बुडख्याला पुन्यांदा फुटलंय, म्हनून तर ‘खोडवा’. परवा इंदापूरला वाजवायला येतोस न्हवं?"

मिहिरला रडू फुटलं. पेढ्याचा ठसका लागला, असं त्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डेअरी उघडायच्या आधीच तो पायरीवर हजर होता.

"फोन द्या तात्या. कालचा अंगठा सुलटा करायचाय."

"काल भिकार, आन् आज चांगली? सांजच्याला दारात पेढं आलं म्हनं, त्याला इकला गेलास व्हय रं?"

सगळी रांग बघत होती. मिहिरने मान खाली घातली. "चाल माझीच हाय ओ."

तात्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग बाहेर लिंबाला बांधलेली आपली म्हैस सोडली आणि दावं त्याच्या हातात दिलं.

"हिला कॅनॉलकडं घिऊन जा. तवर आमी ऐकतो."