सासूबाई हवेत

सासूबाईंचा पलंग ज्या खोलीत टाकायचा होता, त्या खोलीत आधीच एक लढाऊ विमान होतं.

म्हणजे मोटारीची जुनी सीट, तिच्यापुढे अर्धगोलात मांडलेले तीन मोठे पडदे, दोन गुडघ्यांच्या मध्ये दांडा, डाव्या हाताला वेगाची मूठ, पायाखाली पेडल आणि भिंतभर वायरी. दिवसा मास्तर शाळेत भूगोल शिकवत आणि संध्याकाळी या सीटवर बसून थेट ढगांच्या वर जात. बायकोने या प्रकाराला एकदा "खेळ" म्हटलं, तेव्हा दोन दिवस त्यांनी जेवताना तोंड उघडलं ते फक्त घासापुरतं. तेव्हापासून ती "तुमचं ते विमानाचं" असं मोघम म्हणे.

सासूबाई आठवडाभरासाठी आल्या. सत्तरी ओलांडलेली, आणि खरं विमान त्यांनी फक्त गच्चीवरून, मान वर करून पाहिलेलं. खोलीत शिरल्यावर त्या तिन्ही पडद्यांपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, यावर बातम्या लागतात का?"

"नाही, आई."

"मग एवढे तीन कशाला?"

मास्तरांनी समजावून सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली, पण पलंग मात्र विमानापासून जरा लांब सरकवून घेतला.

रविवारी दुपारी स्पर्धा होती. ठिकठिकाणचे हौशी वैमानिक आपापल्या घरून त्यात उतरणार होते. प्रत्येकाने दुसऱ्या खोलीत, पंचांना दिसेल असा फोनचा कॅमेरा चालू ठेवून बसायचं. भोंगा वाजला की धावत जाऊन सीट गाठायची आणि पाच मिनिटांच्या आत विमान हवेत न्यायचं. आकाशात एक प्रवासी विमान भरकटलेलं असेल, कुणाला उत्तर देत नसेल. त्याच्या जवळ जायचं, शेपटीवरचा नंबर वाचून पंचांना सांगायचा, परत येऊन उतरायचं. तिघांच्या संघातलं एक जरी विमान जमिनीवर राहिलं, तर अख्खा संघ बाद.

मास्तरांचा संघ दोनदा बाद झाला होता, आणि दोन्ही वेळा मास्तरांमुळे. एकदा धावताना त्यांची चप्पल सोफ्याखाली गेली आणि ते ती काढत बसले. दुसऱ्यांदा भोंगा वाजला तेव्हा ते आंघोळीला गेले होते. संघाचा कॅप्टन एरवी विमा कचेरीत हिशेबनीस होता आणि स्वभावाने मऊ होता, पण या वेळी त्याने फोनवर स्पष्ट सांगितलं, "मास्तर, आज नाही उडालास तर पुढच्या वेळी तुझ्या जागी माझा भाचा. तो बारा वर्षांचा आहे, पण वेळेवर येतो."

म्हणून मास्तर जेवण झाल्यापासून बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर, अनवाणी, धावण्याच्या पवित्र्यात बसले होते. सासूबाई त्यांच्यासमोर बसून हे कौतुकाने बघत होत्या. मग त्यांना वाटलं, बघायचंच आहे तर चष्मा लावून बघावं. चष्मा पलंगावर राहिला होता. त्या आत गेल्या आणि सवयीने दार लोटलं; ते खटकन बंद झालं.

नेमका तेव्हाच भोंगा वाजला. तो वाजायची सोय मास्तरांनी आतल्या स्पीकरवर केली होती आणि आवाज पुरता मोठा ठेवला होता. सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दाराकडे धावल्या आणि त्यांनी मूठ अशी ओढली की ती हातातच आली. त्याच क्षणी बाहेरून मास्तर पोचले. त्यांनी हात घातला, तर बाहेरची मूठही निसटून टणकन फरशीवर पडली. दारात उरलं एक रुपयाएवढं भोक.

"आई, दार उघडा."

"कशाने उघडू? मूठ माझ्या हातात आहे."

मास्तरांनी खांदा लावून पाहिलं. दार हललं नाही, खांदा मात्र हलला. बायको स्वयंपाकघरातून आली, तिने एकदा दार पाहिलं, एकदा नवरा पाहिला आणि म्हणाली, "खालच्या सुतारकाकांना बोलावते. तुम्ही आणखी काही मोडू नका."

फोनवर कॅप्टन ओरडत होता. आम्ही दोघं इंजिन लावून उभे आहोत, तू कुठेस? मास्तरांनी सांगितलं.

"मास्तर, नियमात विमान उडालं पाहिजे असं आहे," कॅप्टन हळूच म्हणाला. "कोणी उडवावं, ते लिहिलेलं नाही."

मास्तरांनी भोकाला तोंड लावलं. "आई, त्या सीटवर बसाल का?"

"बसते. पण हे वाजायचं थांबेल ना?"

"उडालं की थांबेल."

यापेक्षा मोठं कारण सासूबाईंना नको होतं. चष्मा लावून त्या बसल्या. पुढची अडचण अशी की मास्तरांनी भोकाला डोळा लावला तर बोलता येईना, आणि तोंड लावलं तर दिसेना. ते एकदा डोळा, एकदा तोंड असे वरखाली होत राहिले. लाल बटण दाबा. डोळा. ते नाही, त्याच्या शेजारचं. डोळा. कानावर हेडफोन चढवा, त्यातून कॅप्टन बोलेल. आता डाव्या हाताची मूठ हळूहळू पुढे.

"किती पुढे?"

"सगळी."

खोलीत गडगडाट उठला. भोकातून मास्तरांना पडद्याचा एक कोपरा आणि सासूबाईंचं कोपर एवढंच दिसत होतं. कोपऱ्यातून धावपट्टी सरकू लागली, मग पळू लागली.

"दांडा आपल्याकडे घ्या. हळू. झोपलेल्या बाळाला उचलता तसा."

कोपर मागे आलं आणि धावपट्टी कोपऱ्यातून खाली निघून गेली. मास्तरांनी चाकं वर घ्यायचा खटका सांगितला, मूठ अर्ध्यावर आणायला सांगितलं. भोंगा थांबला.

"आई? ठीक आहात ना?"

उत्तर आलं, तेव्हा आवाज देवासमोर बोलावं तसा खाली आलेला होता. "जावईबापू, खाली समुद्र आहे."

"हो, आहे. समोरच्या काट्याकडे बघा."

"ढगांच्या सावल्या पडल्यात हो पाण्यावर. आणि आपण ढगांच्या वर."

"काटा, आई, काटा."

"काटा आहे तिथेच आहे," सासूबाई म्हणाल्या. "हे हलतंय."

वाट कॅप्टन सांगत होता. भरकटलेलं विमान पुढे दिसलं तेव्हा कॅप्टन सुसाट सुटला आणि नंबर वाचायच्या आत त्याच्या पुढे निघून गेला. वळून आला, पुन्हा पुढे. तिसऱ्या गड्याचंही तेच झालं. दुसऱ्या संघांची विमानं तर माशांसारखी घोंगावत होती, आणि एकालाही थांबता येत नव्हतं. सासूबाईंना अर्ध्यावरून मूठ पुढे न्यायला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या आपल्या संथ येत होत्या. एवढं मोठं विमान त्यांनी आयुष्यात इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. बघता बघता त्या त्याच्या अगदी शेजारी येऊन बरोबरीने उडू लागल्या.

"केवढं आहे," त्या पुटपुटल्या. "आणि कसं अलगद चाललंय."

"आजी," कॅप्टनचा आवाज चिरकला, "शेपटीवर काय लिहिलंय?"

"थांबा, नीट बघू तर द्या." आणि शेपटीवरचा आकडा त्यांनी पंचांना दोनदा सावकाश वाचून दाखवला, वर स्वतःहून सांगितलं, "आत कुणी दिसत नाही. पण खिडक्या स्वच्छ आहेत."

पंच काही बोलायच्या आत सुतारकाकांनी बिजागऱ्या काढून दार बाजूला ठेवलं. ते आत शिरले आणि पेचकस हातात धरून तसेच उभे राहिले. तिन्ही पडद्यांवर सूर्य मावळतीला टेकला होता. ढगांच्या कडा पेटल्या होत्या. सासूबाई त्या उजेडात बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे पाणावले होते.

"या, जावईबापू," त्या उठत म्हणाल्या. "उतरवायचं काम तुमचं. मला नाही जमणार."

मास्तर बसले. शेकडो वेळा उतरलेला माणूस, त्याला काय अवघड? वळण घेतलं, धावपट्टी समोर आणली.

"तिकडे बघा, डावीकडे," मागून सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांनी बघितलं. इतकी वर्षं ते फळ्यावर खडूने ढग काढून मुलांकडून नावं पाठ करून घेत होते. इतकी वर्षं ते याच ढगांतून काट्यांवर नजर ठेवून गेले होते. आज पहिल्यांदा त्यांनी मान वळवली. एक ढग पायथ्याशी जांभळा, मध्ये केशरी आणि माथ्यावर पांढराशुभ्र असा उभा होता, आणि त्याच्या पोटात कुठेतरी मंद उजेड हलत होता. या प्रकाराचं नाव त्यांना आठवेना. आठवावंसंही वाटेना.

मग करकर आवाज झाला आणि पडदे ठिणग्यांनी भरले. विमान चाकं खाली न सोडताच पोटावर उतरलं होतं. धोक्याची घंटी हेडफोनमध्ये कधीची वाजत होती, पण तो सासूबाईंच्या कानावर होता, आणि उतरताना असं वाजतच असेल, असं त्यांना वाटलं होतं.

नंबर वाचल्यामुळे संघ दुसरा आला होता. उतरणं धड झालं असतं तर पहिला आला असता. दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं.

हेडफोनमधला कॅप्टनचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "उतरवलं कुणी? मास्तर आला का आत?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. सुतारकाकांनी पेचकसाकडे पाहिलं. सासूबाईंनी हेडफोनचा माईक तोंडाजवळ ओढला.

"मीच उतरवलं," त्या म्हणाल्या. "पहिलीच वेळ ना, चुकलं."

"अहो आजी, पहिल्या वेळी इतकं म्हणजे कमाल आहे. चाकांचं मास्तर शिकवेल तुम्हाला. त्या बाबतीत तो पक्का आहे."

"हो तर," सासूबाई म्हणाल्या आणि हेडफोन काढून ठेवला.

मास्तर सीटवरून मागे वळले. "आई, असं कशाला सांगितलंत?"

"माझ्या नावावर एक अपघात खपून जाईल," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या नावावर आधीचे किती आहेत, मला माहीत नाही." त्यांनी पलंग धरला आणि ओढत ओढत सीटच्या अगदी शेजारी आणून ठेवला. "आता पुन्हा वर न्या. आणि या वेळी जरा सावकाश चालवा, बघायचं राहून जातं."

दार भिंतीला टेकून उभं होतं. सुतारकाका पलंगाच्या कडेवर, मास्तरांच्या बायकोसाठी जागा सोडून, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसले.