थोआच्या नावाचा वाडगा

तेतला, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला, आठवडा उरला असताना खिएम बाजारातून केळ्यांची फणी घेऊन घरी आले, तेव्हा त्यांच्या हातून आयुष्यात झालेला एकमेव चांगला वाडगा पितरांच्या देव्हाऱ्यात राखेने भरून बसला होता. त्यात तीन उदबत्त्या जळत होत्या आणि समोर त्यांची शहाऐंशी वर्षांची आई डोळे पुसत उभी होती.

"तुझ्या बाबांना सांगितलं मी," ती म्हणाली. "म्हटलं, सरळ रेघ मारता येत नाही म्हणून ज्या पोराला जन्मभर बोललात, त्याने बघा तुमच्यासाठी काय केलंय."

खिएमनी केळी तशीच छातीशी धरून ठेवली. वाडगा बाबांसाठी नव्हताच. तो त्यांच्या बायकोसाठी, थोआसाठी होता. तेतच्या पहिल्या दिवशी तिच्या हातात द्यायचा म्हणून त्यांनी तो देव्हाऱ्यात, फळांच्या ताटामागे लपवला होता. त्या जागेला कोणी हात लावत नाही, एवढंच त्यांना आठवलं. वर्षातून एकदा, नेमका तेतच्या आधी, देव्हारा झाडूनपुसून घेतात, हे साफ विसरले. आता इलाज नव्हता. उदबत्तीचा वाडगा एकदा मांडला की त्यात पितर बसले, मग त्याला कोणी जागचा हलवत नाही.

टपाल कचेरीतून निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं खिएम दर गुरुवारी नदीपलीकडे लुआबाईंच्या मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात चाकावर बसत होते. मातीचा गोळा काही मध्यावर बसत नसे. वाडगे असे निघत, की सूप वाढलं की ते एका कडेला जाऊन उभं राही. पहिला वाडगा त्यांनी मोठ्या थाटाने घरी आणला, टेबलावर ठेवला, तो कलला. कोणी हसायच्या आत ते स्वतःच हसले आणि वाडगा अंगणात कोंबडीपुढे ठेवून आले. पुढचे वाडगे खिळे, चुना आणि कोंडा यांच्या कामी आले.

मग एका गुरुवारी सकाळी त्यांनी थोआला पातेल्यातला उरलेला भात उभ्या उभ्या खाताना पाहिलं. सगळ्यांना वाढून झालं की तिच्यासाठी भांडं उरत नसे, आणि हे त्यांच्या लक्षात यायला अडतीस वर्षं लागली. तेच डोक्यात घोळवत ते चाकावर बसले आणि माती गुमान मध्यावर येऊन थांबली.

"आता हात काढा," लुआबाई हळूच म्हणाल्या. "याला आणखी सुधारायला जाऊ नका."

भट्टीतून वाडगा कोवळ्या भाताच्या रंगाचा निघाला. भाजायच्या आधी खिएमनी त्याच्या बुडाला खिळ्याने एकच शब्द कोरला होता: थोआ.

खरी पंचाईत इथेच होती. धडधाकट बाईचं नाव मेलेल्यांच्या वाडग्याखाली, आणि वर रोज उदबत्ती. दुसऱ्या दिवशी थोआ शिंकली. खिएमनी जन्मात पहिल्यांदा चूल पेटवून तिला आल्याचं पाणी करून दिलं. तिसऱ्या दिवशी जिन्यावर तिचा पाय जरा घसरला, तर त्यांनी तिला खुर्चीवर बसवून ठेवलं. ती विचारू लागली, तुमची तब्येत बरी आहे ना.

आईला त्यांनी गोड बोलून पाहिलं, की बाबांसाठी याहून मोठा, याहून देखणा वाडगा करून आणतो. आई म्हणाली, त्यांना हाच आवडलाय, मला कळतं ना. शेवटी थेट बाबांनाच विचारायचं ठरवून त्यांनी दोन जुनी नाणी बशीत टाकली. एक छापा, एक काटा पडला तर होकार. दोन्ही छापे आले तर बाबा नुसते हसताहेत. तीनदा टाकली, तिन्ही वेळा बाबा हसले. हयात असतानाही त्यांनी एकदा घेतलेली वस्तू कधी परत दिली नव्हती.

मग खिएम नदीपलीकडे धावले. तसाच दुसरा वाडगा करून निदान थोआला द्यावा म्हणून त्यांनी दोन दिवसांत अकरा वाडगे केले, आणि लुआबाईंनी तेतआधीच्या शेवटच्या भट्टीत ते घाईने भाजून दिले. करताना मनात थोआला आणायला जावं, तर तिच्याऐवजी देव्हारा येई. अकराच्या अकरा कलले.

तेतच्या आदल्या दिवशी थोआ त्या वाडग्यात उदबत्ती खोचायला गेली. खिएमना राहवलं नाही.

"अगं, तू नको लावूस. त्याच्या खाली तुझं नाव आहे."

"माहीत आहे." तिने उदबत्ती खोचली. "देव्हारा पुसताना मीच आईंच्या हातात दिला तो. त्याआधी उलटा करून पाहिला होता."

"मग आईला थांबवलं का नाहीस?"

"थांबवणारच होते. पण त्या मामंजींशी बोलायला लागल्या, रडायला लागल्या. इतक्या खूश त्यांना मी कधी पाहिलं नाही." ती जराशी हसली. "असू दे. मामंजींनी जिवंतपणी मला कधी शेजारी बसवलं नाही. आता बसवावं लागतंय."

खिएम म्हणाले, "तो तुझ्यासाठी होता. तुझ्यासाठी मी एवढी एकच चांगली वस्तू केली होती."

"मला तो पहिला हवा होता," थोआ म्हणाली. "कोंबडीचा. तुम्ही टेबलावर ठेवलात तेव्हा मी हात पुढे केला होता. तुम्ही हसलात आणि घेऊन गेलात बाहेर."

खिएमना तो हात आठवला. ती टाकून द्यायला घेतेय असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. दोन वर्षं ते जे भांडं करायला नदी ओलांडत होते, त्यात दोन वर्षं कोंबडी जेवत होती. त्यांना फार वाईट वाटलं.

तेतच्या पहिल्या दिवशी सगळे जेवायला बसले. थोआसमोर राखेने घासून लख्ख केलेला एक कलता वाडगा होता आणि त्यातला भात एका बाजूला झुकला होता.

"नव्या वर्षाला हे कसलं वाकडं भांडं?" आईने विचारलं.

"माझं आहे, आई," थोआ म्हणाली आणि जेवू लागली.

कोंबडी दाराशी येऊन आपल्या वाडग्याकडे बघत उभी राहिली. खिएम उठले. अकरांतला एक वाडगा त्यांनी उचलला, त्यात मूठभर भात घातला आणि अंगणात गेले. तो खाली ठेवण्याआधी मात्र त्यांनी मागे वळून नीट पाहून घेतलं, थोआने हात पुढे केलेला नाही ना.