बिबट्याचं औषध

नाना माणसाला नाव विचारत नाहीत, वजन सांगतात. मी शेजारी राहायला आलो तेव्हा फाटकातूनच म्हणाले, "बासष्ट. चपलेसकट." त्यांची सगळी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात जनावरांचे डॉक्टर म्हणून गेली. विहिरीत बिबट्या पडला की त्याला वजनाच्या मापाने भुलीची सुई मारायला वनखातं त्यांना बोलवी. वजनाचा अंदाज चुकला तर एक तर बिबट्या जायचा, नाहीतर डॉक्टर. निवृत्तीनंतरही सवय सुटली नाही. एका सत्कारात पाहुणे पुढारी शाल घालत असताना नाना माइकसमोरच म्हणाले, "शंभराच्या वर. एका सुईत नाही झोपायचे." पुढाऱ्यांचं भाषण फार थोडक्यात आटपलं. श्रोते अजून नानांचे आभार मानतात.

गेल्या गणपतीनंतर नानांनी वजनं सांगणं बंद केलं. मग फाटकापर्यंत येणं. मग आंघोळ. एकटा माणूस, लग्नच केलेलं नाही. त्यामुळे घरातलं कुणी गेलं म्हणावं, तर तीही सोय नाही. कारण नसलेलं दुःख आमच्या आळीला चालत नाही. कुणी देवीला कौल लावला, कुणी दाराची दिशा बदलायला सांगितली, बँकेतल्या एका गृहस्थांनी सकारात्मक विचारांचं पुस्तक आणून दिलं. शेवटी नानांची बहीण शालूताई दापोलीहून आली आणि त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. एक गोळी झाली, दुसरी झाली, महिने गेले. नाना भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"दिनू," एकदा मला म्हणाले, "विहिरीत पडलेल्याला वर गोल उजेड तरी दिसतो रे. मला तोही नाही."

त्या दिवसापासून मी आणि शालूताई त्यांना घरात एकटं ठेवेनासे झालो.

मग त्यांना कोल्हापूरला नेलं. तिथल्या मानसोपचार डॉक्टर बाईंनी केटामाइनचं नाव काढलं, तेव्हा नाना खुर्चीत ताठ बसले. "ते माझं औषध! बिबट्याला देतो आम्ही!"

"बिबट्याला झोपवायला देता, काका. तुम्हाला अगदी थोडं द्यायचंय, सलाइनमधून, हळूहळू. तुम्हाला झोपवायचं नाहीये. तुम्ही झोपलेलेच आहात."

बाई मला आवडल्या. नेहमीच्या गोळ्यांना गुण दाखवायला आठवडे लागतात, त्या म्हणाल्या. हे औषध वेगळ्या वाटेने जातं. ग्लुटामेट नावाचं एक रसायन मेंदूतल्या पेशींचे निरोप नेतं, त्याच्या कारभारात ते ढवळाढवळ करतं. लांबलेल्या उदासीत पेशींना जोडणारे धागे झडतात. हे औषध दिलं की ते काही तासांत, फार तर काही दिवसांत पुन्हा फुटू लागतात, असा अंदाज आहे.

"अंदाज?" मी विचारलं.

"अंदाजच. पूर्ण कुणालाच कळलेलं नाही."

इतकं प्रामाणिक वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडून क्वचितच ऐकलंय.

"म्हणजे वाडीतल्या पायवाटेवरचं रान काढायचं," नाना म्हणाले.

"हो. पण चाललाच नाहीत तर पुन्हा माजणार. पुन्हा सलाइन घ्यावं लागेल. आणि काहींचं रान निघतच नाही."

सलाइन चालू असताना नर्स रक्तदाब बघत होती आणि नाना उघड्या डोळ्यांनी छताकडे. "मी वर आहे रे," पुटपुटले, "खाली कोण म्हातारा पडलाय?"

परतताना आंबा घाटात त्यांनी मान वळवून रानाकडे पाहिलं. मग म्हणाले, "जंगलात नेऊन पिंजरा उघडला, तरी काही बिबटे बाहेर येत नाहीत. उघडं दार बघत बसतात. गार्ड लोक डबे वाजवायचे. मी सगळ्या मेल्यांना हाकलून द्यायचो."

"आणि मग?"

"मग काय! लांब जीपमध्ये बसून राहायचो. तो निघेपर्यंत." काच खाली करून ते बाहेर बघत राहिले. "उद्या सकाळी पडवीत येऊन बस. हाका मारू नको. धीर तर अजिबात देऊ नको."

सकाळी जाऊन बसलो. दार उघडं होतं. आत शालूताई भांडीसुद्धा न वाजवता वावरत होती. ऊन पायरी चढून पडवीत आलं. खाट एकदा करकरली आणि गप्प झाली. माझा पेपर वाचून संपला, निविदांसकट. जेवणाची वेळ होत आली तेव्हा नाना उंबऱ्यात दिसले. दाढी वाढलेली, एका हाताने चौकट धरलेली. मी मान वर केली नाही.

"उन्हात काय बसलायस? सरक तिकडे."

मी सरकलो. मग त्या उन्हात ते स्वतः येऊन बसले.